मंत्र्यांचे ‘एड्स’, अंगणवाडीची मदतनीस आणि उर्दूतला मुआविन

रावेरकडच्या एका तरुणाने विचारले आहे. तो इंग्रजी बातम्या मराठीत आणि उर्दूत आणण्याचे काम करतो. मंत्र्यांच्या ‘एड्स’नी ही माहिती दिली, असे एक इंग्रजी वाक्य त्याच्यापुढे आले. मोबाईलने त्याचे जे मराठी केले, त्यातून मंत्र्यांना गंभीर आजार जडल्याचा अर्थ निघत होता. मग त्याने कोश उघडला, उर्दू प्रतिशब्द ‘मददगार’ मिळाला, तो त्याने लिहून दिला आणि वरिष्ठांनी कागद परत केला. त्याचा प्रश्न असा, की या शब्दाचा नेमका अर्थ काय आणि उर्दूत लिहायचे तरी काय?

आधी थेट उत्तर देतो. हा शब्द ‘एड’चे अनेकवचन. एड म्हणजे मोठ्या पदावरच्या माणसाच्या जवळ राहून त्याचे काम हलके करणारा माणूस. मराठीत सहायक, निकटचे सहकारी, कधी नुसते ‘निकटवर्तीय’. लेखी उर्दूत एकवचन मुआविन, अनेकवचन मुआविनीन. बातमीत ‘क़रीबी साथी’ किंवा ‘क़रीबी मुआविनीन’ जास्त सहज वाचले जाते. ‘मददगार’ हा शब्द चुकीचा नाही, पण मंत्र्याशेजारी तो बसत नाही. का बसत नाही, हे सांगायला मात्र थोडे लांब जावे लागेल. जळगावात बसून मराठी, उर्दू आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांची कागदपत्रे इकडून तिकडे करत मला २७ वर्षे झाली. या एका शब्दाने जेवढे गोंधळ घातलेत, तेवढे अवघड शब्दांनीही घातले नसतील.

पहिला गोंधळ स्पेलिंगचा. इंग्रजीत ए, आय, डी एवढेच लिहिले तर मदत, आणि शेवटी ई जोडला तर मदत करणारा. उच्चार एकच. अनेकवचन केले की दोन्ही ‘एड्स’, आणि मोठ्या लिपीतल्या चार अक्षरांचा आजारही ‘एड्स’. देवनागरीत तिन्ही एकसारखे दिसतात. उर्दू लिपीतही तीच गत, तिथे आजाराचे नाव जसे लिहितात तसेच हे दोन शब्दही लिहावे लागतील. म्हणून या शब्दाचे लिप्यंतर कधीच करू नये, कुठल्याच भाषेत. इंग्रजी वाचताना शेवटचा ई आहे की नाही हे बोट ठेवून बघायचे. मी अजूनही बघतो.

उर्दूची गंमत अशी, की इंग्रजीने जो फरक एका मुक्या ई वर सोडला, तो तिने अनेकवचनाच्या शेपटीत ठेवला आहे. मुआविन माणसे असतील तर मुआविनीन. वस्तू असतील तर मुआविनात. उर्दू माध्यमाच्या डीएड-बीएडच्या पुस्तकांत तक्ते, नकाशे, चित्रफिती यांना ‘समई व बसरी मुआविनात’ म्हणतात, म्हणजे आपली दृकश्राव्य साधने. शिक्षकांना मदत करणारी माणसे मुआविनीन आणि भिंतीवरचा तक्ता मुआविनात, इतके स्वच्छ. फक्त एक खोच आहे. बाई सहायक असेल तर ती ‘मुआविना’, आणि अशा अनेक बायकांचे अनेकवचनही मुआविनातच. त्यामुळे एखाद्या यादीत हा शब्द दिसला तर तिथे सहायक शिक्षिका आहेत की खडू-फळा, हे आजूबाजूच्या ओळींवरून ठरवायचे.

कानाला लावायच्या यंत्रात मात्र मुआविन चालत नाही. ते ‘आला-ए-समाअत’, कारण आला म्हणजे उपकरण. प्रथमोपचार हा ‘इब्तिदाई तिब्बी इमदाद’. इंग्रजीत सगळीकडे एकच एड, आणि उर्दूत तीन वेगळ्या वाटा.

आता मददगार. ‘मदद’ अरबी, ‘गार’ फारसी प्रत्यय, करणारा या अर्थी. गुनाहगार, परहेज़गार, ख़िदमतगार यांतला. मराठीतला ‘कामगार’ याच साच्यातला वाटतो खरा, पण जुन्या फारसीत कामगार म्हणजे ज्याची इच्छा पुरी झाली तो भाग्यवान, कारण तिथे ‘काम’ म्हणजे मनातली इच्छा. आपल्याकडे तो दिवसपाळी-रातपाळी करतो. असो. मददगारमध्ये एक ऊब आहे. अडीअडचणीला धावून येतो तो मददगार. त्यात पद नाही, पगार नाही, नेमणूक नाही. म्हणून ‘मंत्र्यांचे मददगार’ म्हटले की उर्दू वाचणाऱ्याला वाटते, मंत्री कुठल्या तरी संकटात आहेत आणि काही लोक त्यांना त्यातून सोडवताहेत. वरिष्ठांनी कागद परत केला तो बहुधा यामुळे.

पण हाच शब्द अंगणवाडीत बरोबर बसतो. १९७५ पासून चाललेल्या एकात्मिक बालविकास योजनेत अंगणवाडीला दोन जणी असतात. इंग्रजीत एक ‘वर्कर’, दुसरी ‘हेल्पर’. मराठी कागदावर सेविका आणि मदतनीस. मुलांना घरून बोलावून आणणे, जागा झाडून पुसून ठेवणे, खिचडी शिजवणे हे मदतनीसचे काम. उर्दू वस्तीतल्या अंगणवाडीच्या फलकासाठी मी तिला ‘मददगार’ लिहिले आणि कुणाचीच हरकत आली नाही. मुले अर्थातच तिला ‘ख़ाला’ म्हणतात, जशी मराठी अंगणवाडीतली मुले मावशी म्हणतात. फलक कुणासाठी असतात हा एक वेगळाच प्रश्न आहे.

मदतनीस हा शब्द स्वतः मजेदार आहे. चिटणीस, फडणीस, पोतनीस यांतला ‘नीस’ म्हणजे फारसी ‘नवीस’, लिहिणारा. चिठ्ठी लिहिणारा तो चिटणीस. त्याच चालीवर मराठीने मदतनीस घडवला, म्हणजे शब्दशः पाहिले तर मदत लिहिणारा. उर्दूत हा शब्द नाही. उर्दू वाचकाला तो ऐकवला तर तो क्षणभर थांबतो आणि हसतो. फारसीचे सुटे भाग घेऊन मराठीने स्वतःच्या गरजेची वस्तू जोडली, आणि मूळ दुकानात ती मिळत नाही.

खानदेशात हे सुटे भाग पुष्कळ सांडलेले आहेत. फारुकींचे राज्य इथे १३८२ पासून १६०१ मध्ये असीरगड अकबराच्या हाती जाईपर्यंत चालले, थाळनेर आणि बऱ्हाणपूर ही त्यांची ठाणी. कारभाराचे शब्द तेव्हापासून आपल्या तोंडात मुरलेले. त्यामुळे आपल्याला वाटते की उर्दू आपल्याला अर्धी येतेच. तिथेच पाय घसरतो.

‘कारकून’ घ्या. मराठीत टेबलामागे बसून नोंदी करणारा. उर्दूत ‘कारकुन’ म्हणजे काम करणारा कोणीही, आणि बातम्यांत तर सरळ पक्षाचा कार्यकर्ता. अनेकवचन कारकुनान. उर्दू बातमीत ‘पार्टी के कारकुनान ने नारे लगाए’ असे असले, तर आपला नवा भाषांतरकार ‘पक्षाच्या कारकुनांनी घोषणा दिल्या’ असे करून मोकळा होतो. डोळ्यांपुढे चष्मे लावलेली, फायली बगलेत धरलेली मंडळी मुठी आवळताना येतात. एका हस्तलिखितात मी हे स्वतः दुरुस्त केले आहे, आणि दुरुस्त करताना वाईटही वाटले, इतके ते चित्र छान होते.

भुसावळला ‘खलाशी’. रेल्वेत खलाशी म्हणजे शेडमधला मदतीचा हात. खलाशी हेल्पर असे पदच होते. कोशात पाहाल तर खलाशी म्हणजे जहाजावरचा माणूस. उर्दूतही ख़लासी आधी जहाजावरचा आणि मग रेल्वेतला. भुसावळच्या कुटुंबात ‘वडील खलाशी होते’ म्हटले की कुणी समुद्र विचारत नाही. पण बाहेरचा भाषांतरकार असेल तर त्याने आधी गावातल्या माणसाला विचारावे, हे बरे.

सगळ्यांत महागात पडलेला शब्द सांगतो, कारण तो माझा स्वतःचा आहे. एका उर्दू शाळेचे स्नेहसंमेलन होते. स्वयंसेवकांसाठी उर्दू पत्रिकेत ‘रज़ाकार’ लिहिले होते, आणि ते अगदी बरोबर होते. रज़ा म्हणजे स्वतःची राजीखुशी, त्यावरून स्वेच्छेने काम करणारा तो रज़ाकार. पाणी देणारी, पाहुण्यांना जागा दाखवणारी नववी-दहावीची मुले. मराठी फलक मी केला. घाई होती. बाकी सगळे भाषांतर केले आणि हा शब्द मराठीतही आहेच की, म्हणून तसाच ठेवला. फलकावर आले, ‘रझाकार कक्ष’. अजिंठ्याच्या घाटापलीकडून आलेले एक वयस्कर पाहुणे प्रवेशद्वारातच थांबले. त्यांच्या गावावर निजामाचे राज्य होते, आणि १९४७-४८ मध्ये तिथे रझाकार या शब्दाने काय पाहिले, ते त्यांच्या घरात अजून सांगितले जाते. त्यांनी आवाज चढवला नाही. एवढेच म्हणाले, “बेटा, हे आधी उतरव.” मी स्टुलावर चढून उतरवले. उर्दूत निरागस असलेला शब्द घाट ओलांडताना काय होऊन येतो, हे मला त्या दिवशी कळले. उर्दूतून मराठीत येताना रज़ाकारचा ‘स्वयंसेवक’ करायचा, दरवेळी. मराठीतून उर्दूत जाताना स्वयंसेवकाचा रज़ाकार करायला हरकत नाही. पण बांगलादेशाशी संबंधित मजकूर असेल तर तिथेही हात आखडावा, १९७१ नंतर तिकडे ती शिवी झाली आहे.

तर मंत्र्यांच्या माणसांकडे वळू. उर्दूत दोन शब्दांतला फरक पक्का करून घ्या, मुआविन आणि नाइब. मुआविन शेजारी उभा राहून काम करतो. नाइब वरचा नसताना त्याच्या जागी बसतो. आपल्या तहसील कचेरीतले नायब तहसीलदार याच शब्दातले, आणि ‘नवाब’ही मुळात त्याच घराण्यातला. उपाध्यक्ष तो नाइब सदर. पण मुख्याध्यापक सदर मुदर्रिस असले तरी शाळेतला उपशिक्षक नाइब मुदर्रिस होत नाही, तो मुआविन मुदर्रिस. मराठीत आपण दोन्हीकडे ‘उप’ लावतो, म्हणून मराठीवरून उर्दूत जाणारा इथे चुकतो. इंग्रजीत ‘असिस्टंट’ असेल तर मुआविन, ‘डेप्युटी’ असेल तर नाइब, एवढे धरून चालले तर दहापैकी नऊ वेळा निभावते. आणि एड हा नेहमी मुआविनच्या बाजूचा. मंत्री आजारी पडले तरी एड त्यांच्या खुर्चीत बसत नाही.

हा सहायक सल्ला देत असेल, तर ‘मुशीर’. हुद्दाच विशेष सहायकाचा असेल, तर ‘मुआविन-ए-ख़ुसूसी’. पाकिस्तानी वर्तमानपत्रांत पंतप्रधानांच्या अशा माणसांसाठी हा शब्द रोज दिसतो. विश्वासातला माणूस म्हणायचा असेल तर ‘मोतमद’ सुचतो, पण जपून. निजामाच्या कारभारात मोतमद म्हणजे सचिव होता, आणि आजही काही उर्दू संस्थांचे पत्रव्यवहार मोतमदाच्या सहीने येतात. वाचकाला तिथे पद वाटेल. ‘दस्त-ए-रास्त’ म्हणजे आपला उजवा हात, तो एकालाच म्हणावा. दहा उजवे हात कुणाला नसतात, जरी काही पुढाऱ्यांबद्दल तसे छापून येते.

राज्यपालांच्या मागे गणवेशात उभा असतो तो एडीसी, म्हणजे ‘एड-द-काँ’. इंग्रजीतला एड हा शब्द याच फ्रेंच लष्करी पदातून सुटा झाला, छावणीतला सहायक या अर्थी. मराठीत त्याला परिसहायक म्हणतात. उर्दूने फ्रेंच उच्चाराचा शेवटचा अनुनासिक कानाने पकडला आणि जुन्या पुस्तकांत ‘एडीकांग’ केला. आज उर्दूतही एडीसीच चालते. एडीकांग कुठे भेटला तर घाबरू नका, एवढ्यासाठी सांगितले.

दवाखान्यातला एड वेगळा. परिचारिकेच्या हाताखाली काम करणाऱ्या बाईला मराठीत आणि उर्दूत दोन्हीकडे ‘आया’च म्हणतात, आणि हा शब्द दोघांनी पोर्तुगीजांकडून घेतला. इथे ‘तीमारदार’ लिहिण्याचा मोह होतो. लिहू नका. तीमारदार म्हणजे रुग्णाजवळ उशा-पायथ्याशी बसणारा, बहुतेक वेळा घरचा माणूस. दवाखान्याच्या भिंतीवरच्या उर्दू सूचनेत ‘तीमारदार बाहर इंतज़ार करें’ असते ते आपल्याला उद्देशून.

शेतातल्या मदतनीसाला तर मी शब्दच दिला नाही. एका अहवालात इंग्रजीत शेतावरचा वार्षिक हेल्पर असे काहीतरी होते. आपल्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ज्याचे वर्ष ठरते तो सालदार. उर्दूत ‘सालाना मज़दूर’ लिहिता आले असते, पण सालदार नुसता मजूर नसतो, गोठ्यापासून रात्रीच्या पाण्यापर्यंत शेत त्याच्या हवाली असते. मी ‘सालदार’ तसाच ठेवला आणि पहिल्या ठिकाणी एक ओळ समजावून लिहिली. साल आणि दार, दोन्ही तुकडे उर्दू वाचकाच्या ओळखीचेच आहेत, त्याला फक्त जोड कळायची बाकी राहते.

‘अंसार’ हा शब्द कोशात मदत करणारे या अर्थी सापडेल. तो नासिरचे अनेकवचन. पण तो मदिनेतल्या त्या लोकांसाठी राखलेला आहे, ज्यांनी मक्केहून आलेल्यांना घरात घेतले. धुळे, मालेगाव, बऱ्हाणपूरच्या विणकर वस्तीत अन्सारी आडनाव घरोघरी आहे, ते त्याच्याशीच नाते सांगते. मंत्र्यांचे पीए अंसार होत नाहीत.

कोर्टकागदाचेही थोडे. मुआविन ज्या अरबी धातूतून आला, त्याच धातूतून ‘इआनत’, म्हणजे मदत. आणि ‘इआनत-ए-जुर्म’ म्हणजे गुन्ह्याला मदत, मराठी कायद्यात ज्याला अपप्रेरणा म्हणतात ती. म्हणून गुन्ह्याच्या बातमीत ‘आरोपीचे मुआविनीन’ असे लिहिले, की वाचणारा त्यांना सहआरोपी समजतो. इंग्रजीत आरोपी पुढाऱ्याचा साधा स्वीय सहायक असेल आणि त्याच्यावर काही आरोप नसेल, तर तिथे मुआविन टाळा. ‘दफ़्तर का अमला’, म्हणजे कार्यालयातील कर्मचारी, एवढेच लिहा. अमलाचा आपल्या अंमलाशी गोंधळ करू नका, तो मात्र तुमचा तुम्ही सांभाळा.

मला स्वतःला मुआविनचा सगळ्यांत आवडता उपयोग भूगोलाच्या पुस्तकात भेटला. उपनदीला उर्दूत ‘मुआविन नदी’ म्हणतात. गिरणा, वाघूर, बोरी, पांझरा, अनेर, सगळ्या तापीच्या मुआविन. मराठीने उपनदी म्हणून तिला खालची पायरी दिली, उर्दूने तिला हातभार लावणारी म्हटले. चांगदेवला पूर्णा तापीला मिळते तिथे पावसाळ्यात उभे राहिलात तर कोण कुणाला मदत करते आहे ते सांगता येत नाही.

व्याकरणातही तसेच, ‘करत आहे’मधला ‘आहे’ मराठीत सहायक क्रियापद आणि उर्दूत इमदादी फ़ेल. सहायक लिहिताना जाता जाता एक: ‘सहाय’ म्हणजे सोबत चालणारा, त्यावरून सहायक. ‘साहाय्य’ म्हणजे मदत, त्यावरून साहाय्यक. ‘सहाय्यक’ हा दोन्हींचा मधला, नियमाला धरून नसलेला, आणि सरकारी पाट्यांवर सर्वांत जास्त दिसणारा.

शेवटची सूचना टंकलेखनाची. मुआविन उर्दूत लिहिताना मीम, ऐन, अलिफ, वाव, नून. मुआवज़ा, म्हणजे जमिनीचा मोबदला, यातली पहिली चार अक्षरे हुबेहूब तीच. नून ऐवजी ज़्वाद आणि हे आले की माणूस जाऊन पैसे येतात. फोनवर पहिली चार अक्षरे टाकली की खाली सुचणाऱ्या शब्दांत दोन्ही असतात, आणि घाईत बोट भलत्यावर पडते. महामार्गाच्या भूसंपादनाच्या एका कागदात ‘अधिकाऱ्यांचे मुआविनीन आले होते’ याच्या जागी मोबदला आल्याचे वाचून एक शेतकरी माझ्याकडे पेढे घेऊन आला होता. ते पेढे मी घेतले नाहीत.

रावेरच्या मित्रा, तुमचे वाक्य असे करा. मराठीत: ‘मंत्र्यांच्या निकटच्या सहकाऱ्यांनी ही माहिती दिली.’ उर्दूत: ‘वज़ीर के क़रीबी मुआविनीन ने यह इत्तिला दी.’ आणि मूळ इंग्रजीत एकच माणूस असेल, तर मुआविनीनचा मुआविन करायला विसरू नका. बातमी देणाऱ्यांना एकाचे दोन करायची सवय असते.